सूची पाहावी कीं दप्तर चाळावें?

पांचशें पानांचा एकादा मराठ्यांचा इतिहास आपल्या हातीं आहे आणि त्याच्या अखेरीस नांवांची सूची जोडलेली आहे, असें समजा. "वसई" हें नांव आपण सूचींत काढलें. पुढें चार आंकडे आढळले. तीं चार पानें उघडलीं कीं काम झालें. आतां त्याच सूचींत "पुणें" काढा. पुढें आंकड्यांच्या ओळीच्या ओळी. निदान तीनशें पानांवर पुण्याचा उल्लेख! येथें एक बोट सूचींत घालून एकेक पान उलटीत बसणाऱ्या वाचकास कोणी शहाणा म्हणणार नाहीं. त्यानें पहिल्या पानापासून ग्रंथ सरळ वाचीत जावें, हेंच बरें. ग्रंथ तोच, सूची तीच, वाचकहि तोच. परंतु एका प्रश्नाला सूची तारक ठरते आणि दुसऱ्याला मारक.

श्रोतेहो, आपण बँकेंत खात्याची चौकशी करतां, आगगाडीची जागा राखून ठेवतां किंवा घराच्या कराचा आंकडा विचारतां, त्या प्रत्येक वेळीं कोठेंतरी एक गणकयंत्र नेमका हाच विचार करीत असतें. माहितीच्या ज्या अफाट दप्तरास आपण डेटाबेस म्हणतों, त्यांत उत्तर सूचीवरून शोधावें कीं सारें दप्तर आरंभापासून चाळावें, याचा निर्णय तें यंत्र डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत करतें. हा निर्णय करणाऱ्या भागास त्या धंद्यांतील मंडळी क्वेरी प्लॅनर किंवा ऑप्टिमायझर म्हणतात. मी त्याला आज नुसतें "योजक" म्हणणार आहें. हा योजक केव्हां जन्मला, त्याला हा विवेक कोणीं शिकविला आणि त्याचें पाऊल कोठें घसरतें, याची ही हकीकत आहे.

आरंभीं योजक नव्हताच. १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अमेरिकेंत चार्ल्स बाकमन यांनीं जनरल इलेक्ट्रिक कंपनीसाठीं आयडीएस नांवाची दप्तर-व्यवस्था रचली. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, चंद्रावर माणूस उतरविण्याच्या अपोलो योजनेंतील असंख्य यंत्रभागांचा हिशेब ठेवण्याच्या निमित्तानें आयबीएम कंपनीची आयएमएस ही व्यवस्था निघाली. या दोहोंतहि एक नोंद दुसरीस धाग्यानें बांधलेली असे. ज्याला माहिती हवी, त्यानें यंत्राला वाट दाखवीत न्यावें: ही नोंद धर, तिच्याखालची पहिली घे, मग तिच्या शेजारची, ती संपली कीं परत वर ये. १९७३ सालीं बाकमन यांना ट्यूरिंग पारितोषिक मिळालें, तेव्हां दिलेल्या भाषणांत त्यांनीं आज्ञावली लिहिणाऱ्याला माहितीच्या सागरांतून वाट काढणाऱ्या दर्यावर्दीची उपमा दिली. उपमा सुंदर आहे यांत शंका नाहीं. मात्र ती उच्चारली जात असतांनाच त्या दर्यावर्दीच्या हातचें सुकाणूं काढून घेण्याची तयारी चालू झाली होती.

ती तयारी करणारे गृहस्थ म्हणजे एडगर फ्रँक कॉड. इंग्लंडांतील डॉर्सेट परगण्यांत पोर्टलंड येथें १९२३ सालीं त्यांचा जन्म झाला. दुसऱ्या महायुद्धांत त्यांनीं ब्रिटिश वायुदलांत वैमानिक म्हणून काम केलें आणि पुढें ते आयबीएमच्या कॅलिफोर्नियांतील सान होझे येथील संशोधनशाळेंत आले. जून १९७० मध्यें त्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. सर्व माहिती साध्या कोष्टकांच्या रूपानें मांडावी, हा त्यांतील गाजलेला भाग. माझ्या मतें त्याहून मोलाचा भाग त्या निबंधाच्या अगदीं आरंभीं आहे. तत्कालीन दप्तर-व्यवस्थांत आज्ञावली तीन गोष्टींच्या दास झाल्या आहेत, अशी त्यांची तक्रार होती. नोंदी कोणत्या क्रमानें ठेवल्या आहेत ही एक. कोणत्या सूची अस्तित्वांत आहेत ही दुसरी. आणि नोंदींपर्यंत पोंचण्याची वाट कशी आखलेली आहे ही तिसरी. सूची ही सोयीची वस्तु आहे. आज असेल, उद्यां काढून टाकावी लागेल. ती काढली म्हणून विचारणाऱ्याचा प्रश्नच मोडून पडावा, हें त्यांना पटेना. विचारणाऱ्यानें काय हवें तें सांगावें. तें कसें आणावयाचें हें यंत्रानें पाहावें.

हें बोलणें कितीहि तर्कशुद्ध असलें, तरी त्यांतून एक अवघड प्रश्न उभा राहिला. शाळेच्या कचेरींतील जुन्या कारकुनाची गोष्ट घ्या. दाखल-खारीज रजिस्टरांतून कोणाचें नांव काढावयाचें झालें, तर केव्हां नांवांची यादी पाहावी आणि केव्हां सरळ रजिस्टरच उघडावें, हें त्याला वर्षानुवर्षांच्या सरावानें कळतें. ही अक्कल यंत्राला कोठून यावयाची? १९७४ सालीं मिशिगन संस्थानांतील ॲन आर्बर येथें भरलेल्या परिषदेंत कॉड व बाकमन यांच्या पक्षांचा समोरासमोर वाद झाला. कोष्टकांची कल्पना गणिताच्या दृष्टीनें डौलदार आहे, पण व्यवहारांत ती गोगलगाईच्या गतीनें चालेल, असें त्या काळीं पुष्कळ अनुभवी लोकांचें मत होतें. तें मत मूर्खपणाचें होतें, असें म्हणतां येत नाहीं. वाट शोधणारा कोणी नसता, तर तसेंच झालें असतें.

त्याच सुमारास सान होझे येथें सिस्टिम आर या नांवानें एक प्रयोग सुरू झाला. डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनीं १९७४ सालीं प्रश्न विचारण्याची एक भाषा प्रसिद्ध केली. तीच पुढें एसक्यूएल या नांवानें जगभर पसरली. या भाषेंत वाटेचा उल्लेख करावयाची सोयच नव्हती. तेव्हां वाट शोधण्याचें काम कोणीतरी करणें भाग होतें आणि तें पॅट्रिशिया सेलिंजर या विदुषीच्या मंडळीनें केलें. १९७९ सालीं बोस्टन येथील परिषदेंत सेलिंजर, ॲस्ट्राहान, चेंबरलिन, लोरी व प्राइस या पांच जणांनीं जो निबंध सादर केला, त्याच्याच सांगाड्यावर आजचे बहुतेक योजक उभे आहेत.

त्या निबंधांतील युक्ति एका वाक्यांत सांगतां येते. यंत्रानें प्रत्येक संभाव्य वाटेची किंमत आधीं अंदाजानें काढावी आणि जी सर्वांत स्वस्त दिसेल तिनें जावें. किंमत कशांत मोजावयाची? तर तबकडीवरून किती पानें उचलून आणावीं लागतील, त्यांत. आणि आणलेल्या नोंदी तपासण्याचे श्रम कांहीं प्रमाणांत त्यांत मिळवावयाचे. पान म्हणजे सिस्टिम आरमध्यें ४,०९६ बाइटांचा एक तुकडा. यंत्राला एक ओळ हवी असली, तरी तबकडीवरून पूर्ण पान उचलावें लागतें, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढचा हिशेब सोपा होतो.

समजा, एका कोष्टकांत १० लक्ष नोंदी आहेत आणि प्रत्येक पानावर १०० नोंदी मावतात. म्हणजे पानें झालीं १०,०००. सारें दप्तर चाळावयाचें, तर या १०,००० पानांची किंमत ठरलेली. आतां एकाच माणसाची नोंद हवी आहे. सूचीची रचना झाडासारखी असते. बोईंग कंपनींतील रूडॉल्फ बायर व एडवर्ड मॅक्राइट यांनीं ती शोधून १९७२ सालीं सविस्तर प्रसिद्ध केली. तीन-चार फांद्या उतरलें कीं हवें तें पान हातीं लागतें. चार-पांच पानांत काम होत असतां दहा हजार पानें कोण चाळील? येथें सूचीचा जय निर्विवाद आहे.

परंतु आतां शेंकडा १ नोंदी हव्या आहेत, असें धरा. म्हणजे १०,००० नोंदी. त्या दप्तरभर विखुरलेल्या असतील, तर सूची एकेका नोंदीचा पत्ता सांगेल आणि प्रत्येक पत्त्यासाठीं पान उचलण्याची एक फेरी पडेल. फेऱ्या होतील सुमारें १०,०००. म्हणजे सारें दप्तर चाळण्याइतकीच किंमत! शंभरांतील एकच नोंद हवी असतां सूची आणि सरसकट वाचन यांची बरोबरी व्हावी, हें प्रथम ऐकणाऱ्यास खरें वाटत नाहीं. त्यांतहि ओळीनें लागलेलीं पानें तबकडी भराभर वाचते आणि उड्या मारीत वाचावयास तिला कष्ट पडतात. म्हणून व्यवहारांत सूचीचा पराभव त्याहूनहि आधीं होऊं शकतो. मात्र नोंदी जर सूचीच्याच क्रमानें दप्तरांत लावलेल्या असतील, तर चित्र पार पालटतें. त्या १०,००० नोंदी मग लागोपाठच्या १०० पानांत सांपडतात. सेलिंजर-मंडळीनें या दोन प्रकारच्या सूचींसाठीं दोन निराळीं सूत्रें दिलीं. पुस्तकविक्रेत्यानें ग्रंथ लेखकांच्या नांवानुसार फळीवर लावले असतील, तर एका लेखकाचे सर्व ग्रंथ एका हातानें काढतां येतात; प्रकाशनवर्षाच्या क्रमानें लावले असतील, तर त्याच कामासाठीं दुकानभर हिंडावें लागतें; तोच हा भेद.

येथवर गणित झालें. अवघड भाग पुढेंच आहे. शेंकडा १ नोंदी लागतील कीं शेंकडा २०, हें उत्तर आणण्यापूर्वीं यंत्राला कसें कळावें? तें कळत नाहीं. तें अंदाज करतें. सिस्टिम आरचा योजक कोष्टकांत किती नोंदी आहेत, किती पानें आहेत आणि सूचींत निरनिराळीं मूल्यें किती आहेत, एवढे आंकडे टिपून ठेवी. सूचींत ५० गांवांचीं नांवें असलीं, तर एका गांवाच्या वाट्यास पन्नासावा हिस्सा, असें तो धरी. सूचीच नसली तर दहावा हिस्सा. अमक्याहून अधिक, असा प्रश्न असून मोजमापास आधार नसला, तर तिसरा हिस्सा. या तिसऱ्या हिश्श्याविषयीं निबंधाच्या लेखकांनीं प्रांजळपणें लिहून ठेविलें आहे कीं, या आंकड्याला तसा विशेष अर्थ नाहीं. तो अर्ध्याहून कमी आहे आणि निम्म्याहून अधिक नोंदी मागणारे प्रश्न थोडेच असावेत, एवढाच त्यामागचा तर्क. मोठ्या शास्त्रीय निबंधांत असें वाक्य वाचलें म्हणजे लेखकांविषयीं आदर वाढतो.

सर्वांना समान वांटा, हें तत्त्व राजकारणांत कितीहि स्पृहणीय असलें, तरी माहितीच्या दप्तरांत तें क्वचितच खरें असतें. याचें उदाहरण शोधावयास आपल्या महाराष्ट्राबाहेर जाण्याचें कारण नाहीं. येथील कोणत्याहि जुन्या शाळेचें दाखल-खारीज रजिस्टर उघडून जन्मतारखेचा रकाना पाहा. १ जून, १ जून, पुन्हां १ जून! खेड्यापाड्यांतील मुलांच्या जन्माची नोंद कोठें नसे. मुलाला शाळेंत घालण्यास आई किंवा बाप येई, तेव्हां "मोठ्या पुराच्या वर्षीं झाला" इतकेंच सांगतां येई. शाळेचें वर्ष जूनमध्यें सुरू होई. वयाचा मेळ बसावा म्हणून गुरुजी जन्मतारीख १ जून लिहीत. पुढें तीच तारीख दाखल्यावर, दाखल्यावरून नोकरीच्या कागदांत आणि तेथून सर्व सरकारी दप्तरांत गेली. महिन्याच्या पहिल्या तारखेस जन्मलेला सरकारी नोकर आधल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. म्हणून ३१ मे रोजीं आपल्याकडे कचेऱ्यांतून निरोपसमारंभांची एवढी गर्दी उसळते.

आतां हें दप्तर योजकापुढें ठेवा. समजा १ लक्ष माणसें, पानावर १०० प्रमाणें १,००० पानें, आणि जन्माचा दिवस व महिना यांवर सूची. निरनिराळीं मूल्यें ३६६. समान वांट्याच्या नियमानें एका तारखेस सुमारें २७३ माणसें. २७३ फेऱ्या १,००० पानांहून कमी; योजक आनंदानें सूची घेतो. इतर तारखांना त्याचा निर्णय ठीक आहे. पण १ जून विचारल्यावर, दहांत एक माणूस त्या तारखेचा निघाला असें धरलें, तर फेऱ्या होतील १०,०००, म्हणजे सारें दप्तर चाळण्याच्या दसपट! खिडकीपाशीं उभा असलेला वृद्ध निवृत्तिवेतनाच्या कागदासाठीं तिष्ठत राहतो आणि "आज सिस्टिम संथ आहे" एवढेंच त्याला ऐकावयास मिळतें. यंत्र नादुरुस्त नसतें. एका गुरुजीनें पन्नास वर्षांपूर्वीं सोयीसाठीं लिहिलेली तारीख योजकाच्या हिशेबांत बसलेली नसते, इतकेंच.

या दोषावर उपाय लवकरच निघाला. रॉबर्ट कूई यांनीं १९८० च्या आपल्या प्रबंधांत मूल्यांची वांटणी आलेखाच्या खणांनीं टिपून ठेवण्याची कल्पना मांडली. १९८४ सालीं पियाटेत्स्की-शापिरो व कॉनेल यांनीं प्रत्येक खणांत सारख्याच नोंदी येतील असे खण पाडण्याची सुधारणा केली. पोस्टग्रेस नांवाची जी मुक्त दप्तर-व्यवस्था आज सर्वत्र वापरतात, ती याखेरीज सर्वांत वरचेवर येणाऱ्या मूल्यांची वेगळी यादी ठेवते. मुद्दाम बदल केला नाहीं, तर अशीं १०० पर्यंत मूल्यें ती ठेवते आणि त्यासाठीं कोष्टकांतील ३०,००० नोंदींचा नमुना घेते. आमची १ जून या यादींत पहिली बसेल. सूचीवरून केलेल्या उड्यांचीहि तेथें तोड निघाली आहे. २००५ सालच्या आवृत्तीपासून पोस्टग्रेस सूचींतून आधीं सर्व पत्ते गोळा करते, पानांच्या क्रमानें लावते आणि मग प्रत्येक पान एकदांच उघडते. "पुणें" शोधणाऱ्या वाचकानें तीनशें आंकडे चिठ्ठीवर उतरून घेऊन पुस्तक एका दिशेनेंच उलटावें, तसा हा प्रकार.

सर्वांनींच हा मार्ग लगेच धरला, असें मात्र नाहीं. ओरॅकल कंपनीच्या दप्तर-व्यवस्थेंत १९९२ सालच्या सातव्या आवृत्तीपर्यंत किंमतीचा विचार नव्हताच. पंधरा पायऱ्यांची एक नियमावली होती आणि तींत सरसकट वाचन अगदीं तळाला. योग्य सूची दिसली कीं ती घ्यावयाची, मग नोंद एक हवी असो वा अर्धें दप्तर. त्या काळचे चतुर कारागीर काय करीत? प्रश्नांत आंकड्याच्या रकान्यापुढें अधिक शून्य असें लिहीत. शून्य मिळवून आंकडा बदलत नाहीं, पण सूची आंधळी होते आणि यंत्र निमूटपणें दप्तर चाळूं लागतें. कॉड यांनीं माणसाच्या हातचें सुकाणूं काढून घेतलें, तें माणसानें असें मागच्या दारानें परत धरलें. पुढें ओरॅकलनें योजकास सूचना देण्याची राजरोस सोय केली. पोस्टग्रेसच्या मंडळीनें तशी सोय दीर्घकाळ नाकारली, कारण सूचना एकदां लिहिली कीं दप्तर वाढलें तरी ती तशीच राहते. मला पोस्टग्रेसवाल्यांची बाजू तत्त्वतः पटते. पण खिडकीपाशीं रांग उभी असतां तत्त्व सांभाळणें कठीण, हेंहि खरें.

एका रकान्याचा अंदाज अशा रीतीनें सुधारला. दोन रकाने एकत्र आले कीं पुन्हां घोटाळा. "जिल्हा रत्नागिरी आणि तालुका चिपळूण" असा प्रश्न घ्या. महाराष्ट्रांत जिल्हे ३६, तालुके ३५८. सर्वांना सारखा वांटा धरला, तर योजक छत्तिसाव्या हिश्श्याला तीनशेंअठ्ठावन्नाव्या हिश्श्यानें गुणतो आणि सुमारें तेरा हजारांत एखादी नोंद लागेल असें समजतो. चिपळूण रत्नागिरी जिल्ह्यांतच आहे, हें चवथींतल्या मुलाला ठाऊक असतें, योजकाला नसतें. अंदाज छत्तीसपट कमी पडतो आणि सूचीचा मोह तितकाच वाढतो. दोन रकान्यांचा संबंध योजकाला मुद्दाम सांगून ठेवण्याची सोय पोस्टग्रेसमध्यें २०१७ सालीं आली. पण ती कोणीतरी आठवणीनें करावयास हवी.

अनेक कोष्टकें जोडावयाचीं असलीं, तर कोणतें आधीं जोडावें हाहि प्रश्न येतो. सेलिंजर-मंडळीनें त्याचीहि रीत दिली होती. तो निराळ्या भाषणाचा विषय आहे. येथें इतकेंच सांगतों कीं, एका जोडणींतील चूक पुढच्या जोडणींत गुणली जाते आणि अशी चूक घातांकाच्या गतीनें वाढते, हें १९९१ सालीं आयोआनिडिस व क्रिस्टोडुलाकिस यांनीं गणितानें दाखविलें. २०१५ सालीं म्यूनिक येथील व्हिक्टर लाइस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं चित्रपटविषयक खऱ्या माहितीच्या दप्तरावर ११३ प्रश्न घालून निरनिराळ्या योजकांची परीक्षा घेतली. मोठ्या चुका सर्वांच्याच निघाल्या. आणि बहुतेक चुका अंदाज कमी धरण्याच्या दिशेच्या. सूची जितक्या अधिक, तितकी उत्तम वाट आणि निवडलेली वाट यांतील दरी मोठी, असेंहि त्यांना आढळलें.

आपल्या देशांतहि या विषयावर महत्त्वाचें काम झालें आहे. बंगळूर येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील जयंत हरित्सा व त्यांचे विद्यार्थी नवीन रेड्डी यांनीं २००५ सालीं योजकाच्या निर्णयांचे नकाशे काढले. प्रश्नांतील मर्यादा थोडी थोडी बदलीत न्यावयाची आणि योजकानें वाट बदलली कीं रंग बदलावयाचा. सूचीच्या प्रदेशाला एक रंग, सरसकट वाचनाच्या प्रदेशाला दुसरा. सीमा सरळ येईल अशी आपली समजूत. पण नकाशांत लहानमोठे डझनावारी तुकडे एकमेकांत घुसलेले दिसले. तीं चित्रें आधुनिक चित्रकलेसारखीं दिसतात, म्हणून त्यांच्या साधनाचें नांवच पिकासो ठेवण्यांत आलें.

त्याच संस्थेंत २०१४ सालीं हरित्सा व अंशुमन दत्त यांनीं एक निराळाच विचार पुढें आणला. अंदाज भरंवशाचा नसेल, तर तो करावाच कशाला? लहान उत्तराला योग्य अशी वाट आधीं धरावी, पण तिला खर्चाची मर्यादा घालून द्यावी. मर्यादेंत काम उरकलें तर उत्तम. न उरकलें, तर उत्तर आपण समजत होतों त्याहून मोठें आहे एवढें तरी निश्चित कळलें. तेव्हां ती वाट सोडून, दुप्पट मर्यादेची पुढची वाट घ्यावी. आमच्या १ जूनच्या प्रश्नांत यंत्र प्रथम सूची धरील, ठरलेल्या फेऱ्या संपल्या कीं सूची खालीं ठेवील आणि दप्तर पहिल्या पानापासून चाळूं लागेल. आधींचे श्रम वायां गेले खरे. पण अज्ञात गोष्ट एकच असेल, तर हा सारा खटाटोप धरूनहि एकंदर खर्च उत्तमांतल्या उत्तम वाटेच्या चौपटीहून अधिक होत नाहीं, असें त्यांनीं सिद्ध केलें आहे.